विश्लेषण : औषध तेच, किंमत वेगळी, नाव तिसरेच! संशोधन, मोल आणि ओळख यांचा हिशेब कोण तपासणार?

‘संशोधनाला पैसा लागतो, औषधाचे मोल त्याच्या उपयोगावरून ठरवा आणि आमच्या औषधाची ओळख जपा,’ अशा तीन मागण्या औषध उद्योग जगभरातल्या सरकारांपुढे मांडत असतो. तिन्ही मागण्यांत तथ्य आहे. मात्र त्यांचा पुरावा मागितला की बरीचशी कागदपत्रे कंपनीच्याच कपाटात असल्याचे दिसते. त्यामुळे वाद नफ्याचा कमी आणि माहितीचा अधिक आहे.

चर्चा आताच का?

रिस्डिप्लाम हे ‘स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी’ या दुर्मीळ आजारावरचे औषध. या जनुकीय आजारात स्नायू हळूहळू निकामी होतात. रोश या स्विस कंपनीच्या औषधाच्या एका बाटलीची भारतातील किंमत सुमारे ६ लाख २० हजार रुपये होती. वजन २० किलोपेक्षा जास्त असलेल्या रुग्णाला ही बाटली साधारण १२ दिवस पुरते आणि औषध वर्षानुवर्षे घ्यावे लागते. हैदराबादच्या नॅटको कंपनीने जेनेरिक औषध आणायचे ठरवल्यावर रोश पेटंटच्या आधारे दिल्ली उच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये मनाई हुकूम नाकारला आणि ऑक्टोबरमध्ये खंडपीठाने तो निर्णय कायम केला. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेपास नकार दिला. नॅटकोने बाटलीची किंमत जाहीर केली १५,९०० रुपये.

रोशच्या सवलत योजना होत्या, त्यामुळे प्रत्येक रुग्ण पूर्ण किंमत मोजत होता असे नाही. तरीही छापील किमतींतील फरक जवळपास ९७ टक्के आहे. दुर्मीळ आजारांसाठी केंद्र सरकार एका रुग्णाला कमाल ५० लाख रुपयांची मदत देते. जुन्या छापील किमतीने ही रक्कम आठ बाटल्यांत, म्हणजे सुमारे तीन महिन्यांत संपली असती. नव्या किमतीत ती दहा वर्षे पुरेल. म्हणूनच ६ लाख २० हजारांत औषध बनवण्याचा खर्च किती, संशोधनाची भरपाई किती आणि ‘दुसरा पर्याय नाही’ याची वसुली किती, हे विचारायला हवे.

संशोधनाच्या खर्चाबाबत उद्योगाचे म्हणणे काय?

प्रयोगशाळेत आशा दाखवणारे बहुतेक रेणू रुग्णापर्यंत पोहोचत नाहीत. जे पोहोचतात त्यांना दहा-दहा वर्षे लागतात. त्यामुळे यशस्वी औषधाच्या किमतीत अपयशी औषधांचा खर्चही धरावा लागतो, असे उद्योग सांगतो. हा युक्तिवाद खोटा नाही. जोखीम घेणाऱ्याला परतावा नसेल तर कोणी जोखीम घेणार नाही.

प्रश्न आकड्याचा आहे. अमेरिकेतील टफ्ट्स विद्यापीठाच्या केंद्राने २०१४ मध्ये एका नव्या औषधाचा खर्च सुमारे २६० कोटी डॉलर असल्याचे सांगितले आणि उद्योग हाच आकडा पुढे करत आला. त्यातले सुमारे ११६ कोटी डॉलर मात्र प्रत्यक्ष खर्च झालेले नाहीत. तोच पैसा अन्यत्र गुंतवला असता तर काय मिळाले असते, त्याचा तो अंदाज आहे. शिवाय या अभ्यासाचा आधार दहा कंपन्यांनी गोपनीयतेच्या अटीवर दिलेली माहिती हा होता. २०२० मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासाने उघड उपलब्ध असलेली कागदपत्रे वापरली. अपयशी औषधांचा खर्च आणि भांडवली खर्च धरूनही त्यात मध्यक आकडा ९८.५ कोटी डॉलर निघाला. हा आकडाही लहान नाही. पण दोन अभ्यासांत इतकी तफावत पडते, कारण मूळ खतावणी कोणालाच पाहायला मिळत नाही.

त्या खर्चात जनतेचा पैसा किती?

बराच. अमेरिकेत २०१० ते २०१६ या काळात मंजूर झालेल्या २१० नव्या औषधांचा मागोवा घेतला असता, प्रत्येक औषधामागच्या मूलभूत संशोधनात त्या देशाच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचा निधी होता, असे २०१८ मधील अभ्यासात दिसले. औषध कोणत्या रेणूवर काम करेल हे शोधण्याचा पहिला, सर्वात अनिश्चित टप्पा अनेकदा करदात्यांच्या पैशावर पार पडतो. कंपनी पुढच्या चाचण्यांचा खर्च उचलते, तोही मोठा असतो. पण किंमत ठरवताना पहिल्या भागीदाराचे नाव कुठे येत नाही.

जवळचे उदाहरण मुंबईतले आहे. काही रक्तकर्करोगांवरील ‘कार-टी’ उपचारात रुग्णाच्याच पांढऱ्या पेशी काढून, त्यांत बदल करून त्या परत शरीरात सोडतात. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल केंद्र यांच्या संशोधनातून असा भारतीय उपचार तयार झाला, ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला मंजुरी मिळाली आणि एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले. त्याची किंमत सुमारे ४० लाखांच्या घरात आहे. अमेरिकेत या प्रकारचा पहिला उपचार २०१७ मध्ये पावणेपाच लाख डॉलरला आला होता. ४० लाखही सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचे आहेत. तरी सार्वजनिक संस्था पहिल्या दिवसापासून भागीदार असल्या की किमतीची सुरुवातच वेगळ्या ठिकाणाहून होते, हे त्यातून दिसते.

औषधाचे ‘मोल’ म्हणजे काय?

खर्चाचा हिशेब अडचणीचा ठरू लागला तसा उद्योगाने दुसरा मुद्दा पुढे केला : बनवायला किती लागले ते पाहू नका, रुग्णाला आणि समाजाला काय मिळाले ते पाहा. हेपटायटिस-सी बरा करणारे सोफोसबुविर गिलियड कंपनीने डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेत आणले. १२ आठवड्यांच्या उपचाराची किंमत ८४ हजार डॉलर, म्हणजे एक गोळी हजार डॉलरला. यकृत प्रत्यारोपणापेक्षा हे स्वस्तच आहे, असा युक्तिवाद झाला. अमेरिकी सिनेटच्या अर्थ समितीतील दोन सदस्यांनी १८ महिने कंपनीची अंतर्गत कागदपत्रे तपासली. जास्तीत जास्त महसूल हाच किंमत ठरवण्यामागचा विचार होता, असा त्यांचा डिसेंबर २०१५ चा निष्कर्ष. सप्टेंबर २०१४ मध्ये गिलियडनेच भारतीय कंपन्यांना उत्पादनाचे परवाने दिले आणि तेच औषध भारतासह अनेक विकसनशील देशांत अमेरिकी किमतीच्या अगदी लहानशा हिश्श्यात मिळू लागले.

मोलावर किंमत ठरवायला हरकत नाही, पण ते मोल विकणाऱ्याने एकट्याने ठरवू नये. विहिरीत पडलेल्याला दोर विकताना ‘तुझ्या जिवाची किंमत काय?’ असे विचारून भाव ठरवला, तर त्याला मोल म्हणत नाहीत. ब्रिटनमध्ये १९९९ पासून ‘नाइस’ ही संस्था हे काम करते. नव्या औषधाने चांगल्या प्रकृतीचे आयुष्य किती वाढते आणि त्यासाठी जादा पैसे किती पडतात, याचा ती हिशेब मांडते. अशा एका वर्षासाठी २० ते ३० हजार पौंड ही मर्यादा तिथे बरीच वर्षे पाळली गेली. या पद्धतीवर टीकाही आहे. दुर्मीळ आजारांच्या रुग्णांना तिच्यात न्याय मिळत नाही असे म्हटले जाते. पण हिशेब सर्वांसमोर मांडला जातो, म्हणून टीका तरी करता येते.

भारतात किंमत कशी ठरते?

२०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशाने उत्पादन खर्चावर आधारित जुनी पद्धत मोडीत काढली. आता आवश्यक औषधांच्या यादीतील औषधासाठी, बाजारात किमान एक टक्का हिस्सा असलेल्या सर्व ब्रँडच्या किमतींची सरासरी काढतात. त्यावर किरकोळ विक्रेत्याचा १६ टक्के नफा मिळवला की कमाल किंमत ठरते. म्हणजे भाव आधीच चढे असतील तर सरासरीही चढीच येते. यादीबाहेरच्या औषधांची किंमत वर्षाला दहा टक्क्यांपर्यंत वाढवण्याची मुभा आहे.

पेटंट असलेल्या नव्या औषधांना जानेवारी २०१९ च्या दुरुस्तीने या नियंत्रणातून पाच वर्षांची सूट दिली. पूर्वी ही सवलत देशी संशोधनातून आलेल्या औषधांपुरती होती. संशोधनाला उत्तेजन हा हेतू मान्य केला, तरी सूट घेणाऱ्याने संशोधनावर काय खर्च केला हे सांगण्याची अट त्यात नाही.

अट घातली की काय होते तेही त्याच वर्षी दिसले. फेब्रुवारी २०१९ मध्ये सरकारने ४२ कर्करोग औषधांच्या विक्री साखळीतील नफ्यावर ३० टक्क्यांची मर्यादा घातली. काही ब्रँडच्या किमती ९० टक्क्यांपर्यंत उतरल्या. या औषधांच्या छापील किमतीतील मोठा भाग संशोधनाशी नव्हे, कारखाना आणि रुग्ण यांच्या मधल्या वाटेशी संबंधित होता.

पेटंट कायद्यावर उद्योगाचा रोष का?

भारताने २००५ मध्ये औषधांना उत्पादन पेटंट देणे सुरू केले. सोबत कलम ३(ड) आणले. जुन्याच रेणूच्या नव्या रूपाला, त्याने रोगावरील गुण लक्षणीय वाढत नसेल तर, पेटंट मिळत नाही. रक्तकर्करोगावरील ग्लिव्हेकबाबत नोव्हार्टिसची याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी याच कलमावर फेटाळली. ग्लिव्हेकचा महिन्याचा खर्च सुमारे सव्वा लाख होता, तर जेनेरिक गोळ्यांचा दहा हजारांच्या आत. मार्च २०२३ मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयाने बेडाक्विलिन या क्षयरोगावरील औषधाच्या क्षाररूपावरचे वाढीव पेटंट नाकारले. त्याला हरकत घेणाऱ्यांत क्षयावरच्या जुन्या औषधांनी श्रवणशक्ती गमावलेल्या दोन तरुणी होत्या, एक मुंबईची आणि एक दक्षिण आफ्रिकेची.

अशा निर्णयांनी नवसंशोधन थांबेल, असे उद्योग म्हणतो. खरे तर हे कलम नव्या औषधाला अडवत नाही, जुन्याच औषधाला नवी मुदतवाढ मागणाऱ्याला पुरावा मागते. त्याच वेळी पारदर्शकता मात्र सैल होते आहे. पेटंट घेतलेली वस्तू देशात प्रत्यक्ष उपलब्ध केली का, याचे विवरण पूर्वी दरवर्षी द्यावे लागे. मार्च २०२४ पासून ते तीन वर्षांतून एकदा दिले तरी चालते. मुंबईतल्याच पेटंट नियंत्रकांनी मार्च २०१२ मध्ये देशातला पहिला सक्तीचा परवाना दिला होता. कर्करोगावरील नेक्साव्हरचा महिन्याचा खर्च २ लाख ८० हजारांवरून नॅटकोच्या औषधामुळे ८,८८० रुपयांवर आला. औषध किती रुग्णांपर्यंत पोहोचले, हाच तिथे कळीचा मुद्दा होता आणि त्याचे उत्तर कंपनीच्या वार्षिक विवरणांतही होते.

भारतीय कंपन्यांनाही एक प्रश्न लागू होतो. जेनेरिकच्या जोरावर त्या मोठ्या झाल्या, पण नव्या रेणूंचे संशोधन तोकडेच राहिले. केंद्राने २०२३ मध्ये त्यासाठी ५,००० कोटी रुपयांची योजना आणली. या पैशातून औषध निघाले तर त्याच्या किमतीत जनतेचा वाटा कसा मोजणार, हे आधीच ठरवायला हवे.

औषधाच्या नावावरून वाद कशासाठी?

जिवंत पेशींमध्ये तयार होणारी जैविक औषधे एकसारखी नक्कल करता येत नाहीत. त्यामुळे त्यांच्या पर्यायाला जेनेरिक नव्हे, बायोसिमिलर म्हणतात. मूळ कंपन्यांचे म्हणणे असे की, दुष्परिणाम झाला तर तो कोणाच्या औषधाचा हे कळण्यासाठी प्रत्येकाचे मूळ नावही वेगळे असावे. अमेरिकेने २०१७ मध्ये ही भूमिका स्वीकारली. तिथे बायोसिमिलरच्या नावापुढे काहीही अर्थ नसलेली चार अक्षरे जोडतात. युरोपने मूळ नाव एकच ठेवले आणि ब्रँड व बॅच क्रमांक नोंदवण्यावर भर दिला.

मागोवा घेता यायला हवा यात दुमत नाही. पण त्यासाठी बॅच क्रमांक लागतो. नाव बदलले की डॉक्टर आणि रुग्णाच्या मनात ‘हे औषध वेगळेच आहे’ अशी शंका मात्र पेरली जाते. ट्रास्टुझुमॅब या स्तनाच्या कर्करोगावरील औषधाच्या भारतीय पर्यायांना बायोसिमिलर म्हणून सादर करण्यास हरकत घेत रोश २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात गेली होती. त्याच वर्षाच्या अखेरीस झायडसने संधिवातावरील अडालिमुमॅबचा पर्याय भारतात आणला. अमेरिकेत शंभरावर पेटंटच्या तटबंदीमुळे पहिला पर्याय जानेवारी २०२३ मध्ये बाजारात आला. नावाचा वाद असा बाजाराच्या वादात मिसळलेला असतो.

आपल्याकडे ओळखीचा प्रश्न कोणता?

आपल्याकडे गोंधळ ब्रँडच्या नावांचा आहे. एकाच रेणूची डझनावारी नावे आणि दोन वेगळ्या औषधांची कानाला सारखी लागणारी नावे. मलेरियावरील ‘फाल्सिगो’ आणि ‘फाल्सिटॅब’ यांच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्येच बजावले होते की औषधांच्या बाबतीत नामसाधर्म्य अधिक कडकपणे तपासावे, कारण इथे चुकीची किंमत जिवाने मोजावी लागते. नोव्हेंबर २०१९ च्या नियमानुसार ब्रँडचे नाव आधीच वापरात नाही, असे हमीपत्र उत्पादकाने द्यायचे असते. म्हणजे तपासणीची मुख्य भिस्त पुन्हा कंपनीच्या शब्दावर.

डॉक्टरांनी जेनेरिक नावच लिहावे, असा नियम राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये काढला आणि तीन आठवड्यांत स्थगित केला. ‘दर्जाची खात्री नाही आणि निवड डॉक्टरऐवजी दुकानदार करेल’ हा डॉक्टरांच्या संघटनेचा आक्षेप होता. तो उडवून लावण्याजोगा नाही. नागपूर जिल्ह्यात सरकारी रुग्णालयांना पुरवलेल्या प्रतिजैविकात औषधच नव्हते, टाल्कम पावडर आणि स्टार्च होते, असे तपासात पुढे आले. अशा बातम्या वाचणारा रुग्ण स्वस्त गोळीवर विश्वास ठेवील कसा? हा अविश्वास दूर करण्याचा मार्ग दर्जा तपासणीतून जातो. तो कायम ठेवून महाग ब्रँडला दर्जाचा दाखला मानणे उद्योगाच्या सोयीचे आहे, रुग्णाच्या नव्हे.

क्यूआर कोडने काय साधले?

१ ऑगस्ट २०२३ पासून सर्वाधिक खपाच्या ३०० ब्रँडवर क्यूआर किंवा बारकोड सक्तीचा आहे. फोनने तो वाचला की जेनेरिक नाव, उत्पादकाचे नाव-पत्ता, बॅच क्रमांक, उत्पादन व समाप्तीची तारीख, परवाना क्रमांक समोर येतो. बनावट माल ओळखायला याचा उपयोग आहे. पण मर्यादा दोन. एक, देशात हजारो ब्रँड असताना यादी ३०० ची आहे. दुसरी अधिक महत्त्वाची : कोड बाटली कोणाची ते सांगतो, आत काय आहे ते नाही. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले ते ग्लिसरीनमधील विषारी डायइथिलीन ग्लायकॉलमुळे. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाड्यात खोकल्याच्या औषधाने बालकांचे बळी घेतले, त्यातही तेच रसायन सापडले. या औषधांचे उत्पादक अज्ञात नव्हते. कच्चा माल आणि तयार औषध यांची तपासणी झाली नव्हती.

मग करायचे काय?

उद्योगाच्या तिन्ही मागण्या मान्य करता येतील, त्यांना अटी जोडून. पेटंट औषधाला किंमत नियंत्रणातून सूट हवी असेल, तर संशोधनाचा खर्च आणि त्यातील सार्वजनिक निधी जाहीर करावा. मोलावर किंमत हवी असेल, तर ते मोजणारी यंत्रणा स्वतंत्र असावी. आरोग्य संशोधन विभागाखाली २०१७ पासून असे मूल्यमापन सुरू आहे. त्याचे निष्कर्ष किंमत ठरवताना विचारात घेणे बंधनकारक करता येईल. ओळख जपायची असेल, तर मूळ नाव सर्वांचे एकच ठेवून बॅचची नोंद सक्तीची करावी, ब्रँड नावांची देशव्यापी खुली यादी करावी आणि क्यूआर कोडवरच त्या बॅचचा तपासणी अहवाल उपलब्ध करावा.

हे शेवटचे काम तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. कोड पाकिटावर आधीच छापला जातो आणि प्रत्येक बॅचची चाचणी करून नोंद ठेवणे उत्पादकाला आजही बंधनकारक आहे. दोन्ही जोडले तर औषधाच्या दुकानात उभ्या असलेल्या माणसाला दहा रुपयांची गोळी आणि शंभर रुपयांची गोळी यांतला फरक दर्जाचा आहे की निव्वळ नावाचा, हे स्वतःच्या फोनवर पाहता येईल. आज तो हे दुकानदाराला विचारतो आणि दुकानदारालाही ते माहीत नसते.